जांभळा फ्लेमिंगो

या पुस्तकात प्रत्येक पानाला एकाच बाजूला पक्षी आहे. मागची बाजू कोरी. सून म्हणाली, शाईचा रंग पलीकडे उतरतो म्हणून तसं ठेवतात. मी पेन्सिलीने रंगवते, त्यामुळे काही उतरत नाही. एवढा जाड, चांगला कागद नुसता ठेवणं जिवावर येतं, म्हणून मागे लिहिते आहे. आत्ता लिहिते आहे ते टूकन नावाच्या पक्ष्याच्या पाठीवर. त्याची चोच त्याच्या अंगाएवढी आहे. तो जेवतो कसा, ते पुस्तकात दिलेलं नाही.

पुस्तक मुळात सुनेचं. ती महाप्याला कंपनीत कामाला जाते. तिथे माणसांचं टेन्शन कमी व्हावं म्हणून एकदा सगळ्यांना हे पुस्तक आणि रंगीत पेन्सिलींचा डबा वाटला. रंगवायला वेळ मात्र दिला नाही. म्हणून ते आमच्या टीव्हीखालच्या कपाटात पडून होतं.

ते बाहेर निघालं माझ्या अंगठ्यामुळे. मी आणि माझी थोरली जाऊ बाजारात म्हावरं, म्हणजे मासळी घेऊन बसतो. ती विकते, मी कापते. लग्न झाल्यावर सासूने मला एक दिवस विकायला बसवून पाहिलं होतं. गिऱ्हाईक समोर आलं की मी खाली पाहायची. गिऱ्हाईकाला वाटायचं, माल शिळा आहे म्हणून ही नजर चुकवते. तेव्हापासून मी कोयत्याच्या मागे. जावेचं तोंड आणि माझे हात मिळून एक पूर्ण बाई होते असं जाऊ म्हणते.

उन्हाळ्यात एक मोठा जिताडा कापताना डावा अंगठा कापला. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, पाणी लावायचं नाही. पाणी लावायचं नाही म्हणजे म्हावरं नाही, भांडी नाहीत, कपडे नाहीत, ओटा नाही. म्हणजे बाईने करायचं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. दोन दिवस मी नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सुनेने कपाटातून पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"आई, बोअर होत असाल ना? हे घ्या. मोठ्यांसाठीचं आहे, अॅडल्ट कलरिंग बुक."

जाऊ तिथेच चहा पीत होती. अॅडल्ट म्हटल्यावर तिने कप खाली ठेवला आणि पुस्तक आपल्याकडे ओढलं. शेवटच्या पानापर्यंत चाळलं.

"पाखराच हायत गो सगली," असं म्हणून तिने परत कप उचलला.

शाळेत मी चौथीपर्यंत होते. रंगांची पेटी वर्गात एकच होती आणि ती गुरुजींच्या कपाटात असायची. साहेब तपासणीला आले की बाहेर काढून टेबलावर ठेवायचे. साहेब गेले की परत कपाटात. तिच्यात कोणते रंग होते ते मला अजून माहीत नाही.

त्यामुळे पहिल्या पक्ष्यापाशीच मी अडकले. मोठा पोपट होता, शेपटी हातभर. खाली इंग्रजीत नाव. अंगावर एवढे बारीक कप्पे, की प्रत्येकाला वेगळा रंग द्यावा लागणार. सुनेला विचारावं तर ती मोबाईल काढून दाखवणार, मग मला बघत उभी राहणार. कोणी बघत असलं की माझा हात चालत नाही. म्हणून मी आमच्या यांना विचारलं.

हे शेजारीच जाळं सांधत बसले होते. आणि रंगाचं म्हणाल तर आमच्या आळीत यांच्यासारखा रंगाचा माणूस नाही. नारळी पुनवेच्या आधी सगळ्या होड्या रंगतात, तेव्हा रंग कालवायला लोक यांना बोलावतात. आमच्या होडीचा निळा सासऱ्यांच्या वेळेपासून ठरलेला आहे. निळ्या डब्यात हिरवा जरासा टाकायचा, भरती चढत असताना खाडी दिसते तसा रंग येईपर्यंत. वर पांढरा पट्टा. किती हिरवा टाकायचा ते यांच्या डोळ्यांनाच माहीत. माप नाही.

"या पोपटाला काय देऊ?" मी विचारलं.

यांनी जाळं बाजूला ठेवलं. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. यांना आवडलं असावं. "अंग निला दे. पोट पिवला. थांब, मी देतंय." डब्यातून एकेक पेन्सिल उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवली. अंगासाठी हिरवी दिली, पोटासाठी पांढरी.

मी हिरवा रंग दिला. परदेशात हिरव्यालाच निळा म्हणत असतील, मला काय माहीत. पोटाला पांढरी पेन्सिल फिरवली. पांढऱ्या कागदावर पांढरी पेन्सिल फिरवली की काहीच होत नाही, पण मी पूर्ण फिरवली. हे म्हणाले, झ्याक.

असे बरेच पक्षी झाले. रोज दुपारी हे पेन्सिली द्यायचे, मी रंगवायची. करड्या रंगाचा मोर झाला. काळ्या डोक्याला तपकिरी तुरा झाला. सुनेने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आई, भारी आहे! एकदम मॉडर्न." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं एकाच कामाला असे समोरासमोर कधी बसलो नव्हतो. मला चूक काढायची इच्छाही नव्हती.

मग फ्लेमिंगोचं पान आलं.

पुस्तकवाल्यांच्या हिशेबाने तो परदेशी पक्षी. आमच्या हिशेबाने तो मागच्या दारचा. थंडीपासून पावसापर्यंत आमच्या करावे गावाच्या मागच्या चिखलात ते उभे असतात. त्यांना बघायला सोसायट्यांमधली माणसं मोठे कॅमेरे घेऊन येतात आणि आमच्या वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देतात. जाऊ म्हणते, आमच्याकडे कोणी कधी एवढं टक लावून बघितलं नाही.

"फ्लेमिंगो हाय," मी म्हटलं.

"मंग गुलाबी दे. ह्यात काय इचारायचा?" हे म्हणाले आणि डब्यातून जांभळी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

मी पेन्सिलीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर मस्करी नव्हती. हे जाळ्याची गाठ मारायला लागले होते. गाठ डोळ्यांनी नाही, बोटांनी मारतात.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोपट परदेशी होता म्हणून हिरवा झाला नव्हता.

मी फ्लेमिंगो जांभळा रंगवला. रंगवताना एकेक गोष्ट आठवत गेली. या वर्षी पाखरं कमी आलीत असं हे सारखं म्हणत होते आणि मागे चिखल पाखरांनी भरलेला होता. पांढरा सदरा पिवळट धुतेस म्हणून मला दोनदा बोलले होते. आणि मागच्या आठवड्यात होडीच्या कडेला लांबच लांब ओरखडा आला होता, त्यात सिमेंट भरलेलं. पुलाच्या खांबाशिवाय खाडीत सिमेंट नाही. विचारलं तर म्हणाले, पाण्याला ओढ होती.

खाडीत हे एकटेच जातात. पहाटे, भरतीचं पाणी बघून. आमच्या होडीत दुसरा माणूस नाही. मुलगा नोकरीला गेला तेव्हापासून नाही.

मला भीती वाटायला लागली ती त्या दुपारपासून. टाके काढले, अंगठा बरा झाला, मी परत कोयत्यावर बसायला लागले, पण पहाटे हे निघाले की मी धक्क्यावर जाऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. धक्क्याजवळ येईपर्यंत कोणती होडी आपली ते कळत नाही, आमच्याकडच्या सगळ्याच निळ्या. मी प्रत्येक निळी होडी आपली समजून बघायची.

सुनेला सांगितलं. तिने लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. त्या दिवशी हे सकाळीच गायब. संध्याकाळी आले ते भरतीचं कारण घेऊन आले, आणि त्या दिवशी त्या वेळेला ओहोटी होती. मग सुनेने घरीच तपासायचं ठरवलं. वर्तमानपत्र समोर धरलं.

"बाबा, एवढं एक वाचून दाखवा."

"मना वाचता येत नाय, तुला माहीत नाय काय?" हे म्हणाले.

ते खरं होतं. हे शाळेत गेलेच नाहीत. सुनेने वर्तमानपत्राची घडी घातली. तपासणी तिथे संपली.

मी स्वतः यांना काही म्हणाले नाही. माझ्या तोंडून तसलं वाक्य कधी निघालेलं नाही. यांचं चुकलं असं मी मनात म्हणते आणि भाजीत मीठ घालते. जावेला सांगितलं असतं तर तिने बेधडक विचारलं असतं, पण मग ते बाजारालाही कळलं असतं, आणि ज्याच्याकडे रंग कालवायला अख्खी आळी येते त्याला रंग दिसत नाही हे म्हावऱ्याबरोबर पिशवीत घालून घरोघर गेलं असतं.

पावसात होड्या वर ओढल्या आणि मला झोप लागायला लागली. नारळी पुनवेपर्यंत हे खाडीत जाणार नव्हते. तेवढ्यात काहीतरी सुचेल असं वाटलं. काही सुचलं नाही. पाऊस जरा उघडला तशी माणसं डबे आणि ब्रश घेऊन धक्क्यावर जमली.

यंदा अंगात कसकस आहे असं सांगून यांनी दुसऱ्या कोणाचा रंग कालवला नाही. फक्त आपला कालवला. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे डब्यात काडी फिरवत होते. निळ्यात हिरवा टाकायचे, फिरवायचे, मान हलवायचे, अजून टाकायचे. मी कपबशी धरून उभी होते. हिरव्याचा डबा संपला तेव्हा यांचं समाधान झालं.

होडी कच्च्या कैरीसारखी हिरवी झाली. पांढऱ्या पट्ट्यासाठी दोन डबे शेजारी शेजारी होते, त्यातला यांनी पिवळा उचलला.

आमच्याकडे नव्या नवरीला आणि नव्याने रंगवलेल्या होडीला नावं ठेवत नाहीत. नारळ वाढवायच्या आधी होडीला वाईट बोललं तर ती खाडीत रुसते. त्यामुळे माणसं यायची, बघायची, जरा थांबायची आणि चांगलंच बोलायची. "यंदा काहीतरी वेगला काम केलंस." "मस्त उठून दिसते." हे मान डोलवायचे. जाऊ आली. तिने होडीभोवती पूर्ण फेरी मारली. तिचे ओठ हलत होते. शेवटी पदर तोंडाला लावून ती घरी गेली. तिला एवढा वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि रिवाजाचा दुसरा भाग असा की नारळ वाढवला की वर्षभर होडीला ब्रश लावायचा नाही. देवाला दाखवलेलं तोंड मधेच बदलत नाहीत.

पुनवेच्या दिवशी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. होड्या ओळीने बांधलेल्या, पताका, ढोल. सगळ्या निळ्या आणि मधे आमची. मी पूजेचं ताट घेऊन यांच्या मागे चालले होते. एवढ्या माणसांत माझी मान वर होत नाही, मी यांच्या टाचा बघत चालते. टाचा थांबल्या तशी मी थांबले. यांनी हार घातला, हळदकुंकू लावलं, हात जोडले, नारळ वाढवला. मी मान वर केली तर पुढ्यात निळी होडी. ती शेजाऱ्याची होती. आमची पलीकडे, मोकळ्या कपाळाने उभी.

शेजारी आणि त्याची बायको आपलं ताट घेऊन मागेच उभे होते. शेजारी हसायला लागला.

"माजे होरीची दोनदा पूजा! यंदा म्हावरा मना डबल भेटल!"

माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "सकालीच घेतलीस काय रं?"

हे क्षणभर थांबले. मग हसले, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "जरा जास्त झायली."

सगळे हसले. सणाचा दिवस होता. शेजाऱ्याने आपल्या ताटातला नारळ आम्हाला दिला आणि आमच्या होडीची पूजा झाली.

यांनी जन्मात कधी दारूला हात लावलेला नाही. सासरे दारूनेच गेले. जावेने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं. पिऊन आलो म्हणणं यांना सोपं वाटलं, म्हणजे यांना डोळ्यांचं माहीत होतं. किती दिवस माहीत होतं ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या निघणार होत्या.

घरी आलो. नारळीभात झाला, जेवणं झाली. सून आणि मुलगा मिरवणूक बघायला गेले. हे जाळं घेऊन बसले. मी पुस्तक काढलं नाही, नुसता पेन्सिलींचा डबा काढला. दोन पेन्सिली काढून यांच्या तळहातावर ठेवल्या.

"काय गो?"

"बघा."

यांनी डोळ्यांनी बघितलं नाही. बोटांनी चाचपलं. एक पेन्सिल पूर्ण लांब होती, डब्यातून आली तशी. दुसरी झिजून बोटाएवढी झालेली.

"ही लांब कुठली?"

"गुलाबी," मी म्हटलं. "अजून एकदाबी वापरली नाय."

यांची बोटं लांब पेन्सिलीवरून टोकापर्यंत गेली. टोक तसंच होतं. परत मागे आली. बाहेर ढोल वाजत होता.

"मंग फ्लेमिंगो?"

"तो या दुसरीनं केला. जांभली हाय ती."

यांनी दोन्ही पेन्सिली एका हातात घेतल्या आणि जाळ्यावर ठेवल्या.

"मंग होरी?"

मी आयुष्यात यांना कधी उलट उत्तर दिलेलं नाही. हे उलट उत्तर होतं की सरळ, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हिरवी," मी म्हटलं. "पट्टा पिवला."

हे जाळ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणून सगली चांगला बोलत होती."

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या होड्या गेल्या. आमची बांधलेली राहिली. कोणी विचारलं तर जाऊ सांगायची, काल जास्त झाली ना. तिला आदल्या रात्री मीच सगळं सांगितलं होतं, आणि ती ते बाजारात बोलली नाही. तिने बाजारात न बोललेली ती एकच गोष्ट असेल.

सून यांना दवाखान्यात घेऊन गेली, मीही गेले. तिथे अक्षरांचा तक्ता होता. हे माझ्याकडे बघून म्हणाले, आता काय करायचं. पण तिथल्या मुलीने दुसरा तक्ता काढला, त्यात नुसती चित्रं होती. छत्री, घर, मासा. मासा होता त्या ओळीपर्यंत हे गेलेच नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरीण म्हणाली, जुनी काच पिवळी पडते तसं झालंय, त्यात निळा रंग आधी जातो. आणि विचारलं, "काका, इतके दिवस काय करत होतात?"

"रंग कालवत होतो," हे म्हणाले.

एक डोळा आधी झाला, दुसरा महिन्याने. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर घरी आले आणि दारातच थांबले. "भिंत कधी रंगवली?" भिंत होती तशीच होती. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी आत जाऊन चहा ठेवला. चहा घेऊन आले तर म्हणाले, "तुजे केस पांढरे झायले." मी म्हटलं, हो.

मग पुस्तक मागितलं. एकेक पान उलटत गेले. हिरवा पोपट, करडा मोर. फ्लेमिंगोपाशी आले आणि पुस्तक माझ्याकडे वळवून विचारलं, "ह्याला काय झायलाय? बुडून मेलाय काय?"

"तुमी रंग दिलाव," मी म्हटलं. अलीकडे मी एवढं बोलते.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. हे होडीपुढे उभे राहिले, हात मागे बांधून. जाऊ पण आली होती, बघायला. नारळ वाढवून झाला होता म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती, आणि एवढे दिवस तिने पोटात ठेवलं होतं. "भावजी, मिरची लावलेला पापलेट तव्यावर टाकायच्या आधी असा दिसतो," ती म्हणाली. मग हिरव्या चटणीचं म्हणाली, मग भोपळ्याचं. हे काही बोलले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "लांबून दिसते मात्र."

ब्रश लावता येत नव्हता, त्यामुळे वर्षभर ती तशीच राहणार. दुसरा डोळा झाल्यावर डॉक्टरीण हो म्हणाली आणि हे परत खाडीत जायला लागले. थंडीत फ्लेमिंगो आले तेव्हा यांनी घरी येऊन सांगितलं की यंदा पाखरं खूप आहेत, कधी नव्हे एवढी. मी म्हटलं, असतील. कॅमेरेवाल्यांनी आमची होडी गुलाबी पाखरांमध्ये धरून फोटो काढले, त्यातला एक सुनेच्या मोबाईलवर पण फिरत आला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, काय सुंदर रंगसंगती. हे मला सुनेने वाचून दाखवलं. यांना दाखवलं नाही, यांनी पुढच्या वर्षी तसाच रंग कालवला असता तर आम्हाला आळीला उत्तर द्यावं लागलं असतं.

मी अजून पहाटे धक्क्यावर जाते. आता भीती म्हणून नाही, सवय म्हणून. पुलाखालून होड्या यायला लागतात, निळी, निळी, निळी, आणि त्यांच्यात एक हिरवी. ती पुलाच्या पलीकडे असतानाच मला कळते. मग मी तिची वाट बघत नाही, घरी येऊन चहा ठेवते.

येत्या पुनवेला परत निळी करायची असं हे म्हणतात. माप आता बरोबर पडेल म्हणतात. मी अजून काही म्हटलेलं नाही. पुनवेला वेळ आहे, आणि टूकन अजून रंगवायचा आहे. त्याच्या चोचीला कोणता रंग द्यायचा ते मी यांना विचारणार नाही. हिरवी पेन्सिल पुष्कळ झिजली आहे, पण तेवढी पुरेल.